पथारीकडची बाजू

फोडणीत मिरची जळाली, ठसका लागला, की मला नंदुरबारचं ते फुटबॉलचं मैदान आठवतं, ज्याला लागूनच मिरची वाळवायची लालभडक पथारी होती. त्या दिवशी गाठ नवापूरच्या डोंगराकडच्या संघाशी होती आणि ओरडण्यात त्यांचे लोक आम्हाला भारी पडायचे, म्हणून आम्ही शहरवाल्यांनी लवकर येऊन चांगली बाजू अडवली आणि पथारीकडची त्यांच्यासाठी सोडली. "बसू द्या तठे, खोकी खोकी मरतीन!" आमच्यातला एक म्हणाला. पण ते खोकलेच नाहीत, उलट ढोल बडवत नाचत राहिले. मध्यंतरानंतर वारा सुटला आणि मिरचीची धूळ त्यांच्या डोक्यावरून थेट आमच्यावर आली. आम्ही सगळे शिंकत, डोळे चोळत बसलो. त्यांचा गोल झाला तोही आम्हाला फक्त ढोलावरून कळला. तेवढ्यात त्यांच्यातली एक बाई मैदानाला वळसा घालून आली आणि तिने पदरातला गूळ आमच्यात वाटला. "आम्ही हंगामभर याच पथारीवर कामाला असतो दादा," ती हसत म्हणाली, "गूळ चघळा, मग ओरडा." सामना आम्ही हरलो. अजूनही मी त्या मैदानावर जातो, ओरडतो आमच्याच संघासाठी, पण खिशात गूळ घेऊन बसतो पथारीच्या बाजूला.