काकाजींचं चुकलेलं माप

आमच्या काकाजींनी आयुष्यभरात जेवढ्या बाहुल्यांना अंथरूण-पांघरूण पुरवलं, तेवढ्या बाहुल्या अख्ख्या वर्धा जिल्ह्यात जन्मालाच आल्या नसतील. काकाजी म्हणजे माझे चुलत सासरे. देवळीला लागून त्यांचा विहिरीवरचा मळा होता. वांगी, मेथी, सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर, पिकवायचे आणि बाजाराच्या दिवशी स्वतः दुकान मांडून विकायचे. विहिरीवरची मोटर वीज आल्याशिवाय चालत नसे, आणि वीज काही शेतकऱ्याला विचारून येत नसे. ती येईपर्यंत बाकीची शहाणी माणसं विड्या ओढायची, सरकार पाडायची, नाहीतर हळूच भावाचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, कोरायची. काकाजी मात्र निंबाखाली बसून बाहुलीची गोधडी शिवायचे. सहा फुटी माणूस, झुपकेदार मिशा आणि मांडीवर बाहुलीचं झबलं. सत्तरच्या दशकात मी लग्न होऊन देवळीत आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात हे दृश्य पाहिलं आणि आपल्या वडिलांनी स्थळाची चौकशी जरा कमीच केली, असं माझं मत झालं.

बरं, शिवायचं तर शिवा, पण ठेवा ना आपल्या घरात. ते नाही. काकाजींचा आहेर ठरलेला होता: एक गादी, एक उशी, एक गोधडी, एक झबलं, एक कुंची. लग्न असो, वास्तुशांती असो, कुणाच्या दारात नवा बैल येवो, संच हाच. हेडमास्तर रिटायर झाले तेव्हा गावाने शाल-श्रीफळ दिलं आणि काकाजींनी कुंची दिली. हेडमास्तरांनी जन्मभर पोरांना निबंध शिकवले, पण त्या कुंचीवर त्यांना दोन वाक्यं सुचली नाहीत. आणि हा आहेर यायचा भाजीच्याच थैलीतून, त्यामुळे त्याला कायम सांबाराचा वास. मी एकदा धीर करून म्हटलं, "काकाजी, एखादं पातेलं द्यावं माणसानं. कामी तरी पडतं."

"पातेलं त कोनीबी देते," ते म्हणाले.

कापड विकत आणायचं नाही, हा त्यांचा दुसरा नियम. "नव्या कापडात मानसाची ऊब नसते, सूनबाई." म्हणून ही ऊब ते सरळ दोरीवरून उचलायचे. कोणता कपडा जुना झाला आणि कोणता अजून घालण्यासारखा आहे, हे ठरवायचा अधिकार अर्थातच त्यांचा. काकींनी तर वाळत घातलेल्या लुगड्याजवळ पाट टाकून राखणीला बसायची सवयच लावून घेतली होती. आमच्या घरचा टेरिकॉटचा शर्ट, माझ्या नवऱ्याचा, लग्नातला, एक दिवस दोरीवरून उतरला तो बिनखिशाचा. मी तरातरा जाऊन विचारलं, तर काकाजी शांतपणे सुईत दोरा ओवत म्हणाले, "होतं का काही त्या खिशात? रिकामाच त होता." हे खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं.

पण या सगळ्यावर कडी म्हणजे त्यांचं माप. काकाजींनी शिवलेलं काहीही, कुठल्याही बाहुलीला, कधीही झालं नाही. कोजागिरीला गल्लीतल्या पोरी भुलाबाई मांडायच्या. मातीचे भुलोजी, मातीची भुलाबाई, दोघंही वीतभर. काकाजींच्या गादीच्या दोन टोकांना त्यांना निजवलं असतं तर बिचाऱ्यांना एकमेकांना हाका माराव्या लागल्या असत्या. कुंचीत तर दोघं मावून वर खिरापतीची वाटी ठेवायला जागा उरायची. बाजारातली प्लास्टिकची बाहुली त्यांच्या झबल्यात गळ्याकडून घातली की खालून जमिनीवर पडायची. शेवटी मीच शेजारच्या पोरीची बाहुली मागून आणली आणि त्यांच्यापुढे ठेवली. "काकाजी, एकदा माप तरी घ्या." त्यांनी बाहुलीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "माप घेतलं का हात भेते," असं म्हणून त्यांनी दातांनी दोरा तोडला.

माझ्या लग्नातही हा संच आला होता आणि माझ्या ट्रंकेच्या तळाशी पडून होता. पुढे मला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा अर्ध्यावरच सगळं संपलं. त्या दिवसांत मला थट्टा सुचत नव्हती. सासूबाईंनी तर त्या झबल्या-कुंचीचा धसकाच घेतला. मूल जन्माला येण्याआधी त्याच्यासाठी एक टाकासुद्धा घालायचा नाही, अशी आमच्याकडे रीत, आणि इथे लग्नापासून सगळा संच तयार होऊन बसलेला. त्यांनी त्याचं गाठोडं बांधलं आणि काकाजींच्या ओसरीवर नेऊन ठेवलं. "भाऊजी, हे तुमचं तुमच्यापाशी ठेवा. अन् माह्या दारात आता सुई काढू नका." काकाजींनी गाठोडं उचललं आणि आत गेले. खरं सांगते, मलाही सुटल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या वेळी घरात कुणी शिंकलं तरी सासूबाई देव्हाऱ्याकडे बघायच्या. आठवा लागला आणि ऐन पौषात, भर दुपारी, मला कळा सुरू झाल्या. वर्ध्याच्या दवाखान्यात मुलगी झाली. एवढीशी, माझ्या बोटांच्या टोकांपासून कोपरापर्यंत जेमतेम पुरणारी. नर्सबाई म्हणाल्या, "हिला गरम ठेवा. डोकं झाका, अंगासरसे कपडे घाला. ऊब राहिली तर पोर राहील." रीत पाळलेली असल्यामुळे आमच्याजवळ एक चिंधी नव्हती. सासूबाईंनी आपलं मऊ लुगडं फाडलं, पण ते गुंडाळलं की सुटायचं. नवरा वर्ध्याचा सगळा बाजार हिंडून आला. त्यानं आणलेल्या झबल्यात पोर सापडेना, आणि कुंची हनुवटीपर्यंत उतरली. तिचे पाय गार पडत होते. मी ते माझ्या तळहातात धरून नुसती रडत होते.

दुसऱ्या दिवशी देवळीच्या पहिल्या बसनं काकाजी आले. हातात भाजीची थैली. दारातच थांबले. "वहिनी, आत येऊ का?"

सासूबाईंनी थैलीकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, आणि थैली त्यांच्या हातातून ओढूनच घेतली. गाठोडं तेच होतं, माझ्या लग्नातलं, सासूबाईंनी स्वतः बांधलेलं. झबलं पोरीच्या अंगात गेलं आणि बसलं. कुंची बरोबर भुवयांवर येऊन थांबली. गोधडी सगळ्या बाजूंनी दुमडून पायांखाली खोचता आली. नर्सबाईंनी विचारलं, "इतकं बरोबर माप कुणी दिलं हो तुम्हाला?"

काकाजी चोरी पकडल्यासारखे शरमले. "माप नाई घेतलं जी. बाहुलीचं होय ते. चुकून मोठं झालं."

तीन आठवड्यांनी पोर घरी आली, पण आमचा जीव टांगणीलाच होता. दर बाजाराच्या दिवशी दुकान मांडायच्या आधी काकाजी यायचे आणि म्हणायचे, "सूनबाई, झबलं घालून पाह्य बरं." ते झबलं अजून व्हायचं. "होऊन राह्यलं अजून," असं पुटपुटून ते चहा न पिताच निघून जायचे. आपण शिवलेलं अंगाला बरोबर बसतं, याचं इतकं दुःख करणारा शिंपी मी दुसरा पाहिला नाही. मी रागावून म्हटलं, "काकाजी, दर बाजाराला काय मोजता तिला?" ते म्हणाले, "तुले भेव नाई लागत का?" मला लागत होतं. रोज लागत होतं.

होळी दोन दिवसांवर असताना ते झबलं पोरीच्या डोक्यातच अडकलं. सासूबाई खाली ओढताहेत, पोर टाहो फोडते आहे, पण ते उतरेना. "राहू द्या, वहिनी," काकाजी म्हणाले, "नाई होत." मग अगदी हळू, "नाई होत तिले आता." तो सहा फुटी माणूस ओसरीच्या खांबाला टेकून कितीतरी वेळ मिशा पुसत राहिला. मग तडक बाजारात गेला आणि टोपलीभर वांगी येईल त्याला फुकट वाटू लागला. शेजारचे भाजीवाले खवळले. "काऊन गा, कायचा सण हाय आज?" काकाजी म्हणाले, "आमच्या पोट्टीले झबलं होत नाई." म्हाताऱ्याच्या डोक्यात फरक पडला, असं बाजारानं साहजिकच ठरवून टाकलं.

काकाजींना जाऊन आता खूप वर्षं झाली. त्यांचं माप शेवटपर्यंत सुधारलं नाही, आणि मीही पुन्हा कधी सुधारा म्हटलं नाही. सणावारी डोक्यावर पदर घेऊन मी त्यांच्या पाया पडायची, ती रीत म्हणून. त्या होळीला पडले ती मनापासून. हे त्यांना सांगायचं मात्र राहूनच गेलं.