विचारल्याशिवाय आऊट नाही

सासरे पहिल्यांदा न्युरेम्बर्गला आले, त्या दिवशी स्टेशनवर गाडी बदलताना मी त्यांना उलट्या दिशेच्या मेट्रोत बसवलं. पाच स्टेशनं गेल्यावर माझ्या ते लक्षात आलं. त्यांच्या पहिल्याच स्टेशनला आलं होतं, कारण दारावरचा नकाशा ते एकेका नावावर बोट ठेवून वाचत होते. मग बोलला का नाहीत, असं मी जावयाला शोभेल इतक्या आदबीने विचारलं.

"तुम्ही कुठे विचारलंत?" ते म्हणाले.

विनायक शिंत्रे सांगलीला पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते, पण ती त्यांची पोटापाण्याची सोय होती. खरा धंदा अंपायरिंगचा. जिल्ह्यातल्या क्रिकेट सामन्यांत त्यांनी तीस-एक वर्षं उन्हात उभं राहून काढली. क्रिकेटचा एक नियम असा आहे की, फलंदाज बाद झालेला सगळ्या मैदानाला दिसला तरी क्षेत्ररक्षकांपैकी कुणी दाद मागितल्याशिवाय पंच बोट वर करत नाही. हा नियम बाकीचे पंच मैदानापुरता पाळतात. शिंत्र्यांनी तो संसाराला लावला होता. माझ्या बायकोने, म्हणजे मुग्धाने, एकदा उपम्यात मीठ घातलं नव्हतं. त्यांनी बशी चाटूनपुसून संपवली. दुसऱ्या दिवशी मुग्धाने सहज विचारलं, तेव्हा "अळणी होता" असा निकाल मिळाला.

त्यांच्या पँटच्या खिशात नेहमी सहा खडे असत. षटकातला एकेक चेंडू पडला की एकेक खडा या खिशातून त्या खिशात. निवृत्त झाल्यावरही खडे सुटले नाहीत. आमच्या जिन्याच्या पायऱ्याही ते त्यावरच मोजत. विमानतळावरच्या तपासणीत हे खडे कशाला, असं एका अधिकाऱ्याने विचारलं. विचारल्यावर शिंत्रे कुणालाही निराश करत नसत. त्यांनी त्याला षटक म्हणजे काय इथपासून सुरुवात केली. त्या माणसाने त्यांना सोडलं ते समजलं म्हणून नव्हे, मागे रांग वाढली म्हणून.

दर उन्हाळ्यात ते तीन महिने आमच्याकडे यायचे, ते मुख्यतः इरासाठी. इरा आमची मुलगी. तिला मराठी समजतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. ती मराठी बोलावी म्हणून आम्ही केलेले सगळे उपाय वाया गेले होते. आजोबांना जर्मनचा गंध नव्हता. तेव्हा या दोघांचं जमायचं कसं, हा आम्हाला पडलेला प्रश्न एका सिनेमाने सोडवला.

तो एक कौटुंबिक विनोदी सिनेमा होता. एका कारकुनाच्या चुकीने दहा वर्षांच्या पोराचं नाव मोठ्यांच्या व्यावसायिक बेसबॉल संघाच्या यादीत जातं, आणि करार झालाय म्हणून त्याला खेळवावंच लागतं. पुढे काय होतं ते सांगायला सिनेमा बघायची गरज नाही. आई रडते, कडक प्रशिक्षक विरघळतो, शेवटी पोरगा धुळीतून घसरत होमप्लेटवर, म्हणजे धाव पुरी होते त्या पाटीवर, पोहोचतो, पंच दोन्ही हात पसरून त्याला नाबाद ठरवतो आणि स्टेडियम वेडं होतं. इराने तो इतक्यांदा पाहिला होता की संवाद तिच्या ओठांवर आधी यायचे. शिंत्र्यांनी तो पहिल्यांदा पाहिला आणि म्हणाले, "कारकुनाची चूक तेवढी खरी वाटते."

मग रोज संध्याकाळी दोघं सोफ्यावर. शेवटचा प्रसंग आला की शिंत्रे रिमोट घेऊन चित्र थांबवायचे, जिथे पोराचा पाय प्लेटच्या वीतभर अलीकडे आहे आणि चेंडू पोराच्या खांद्याला टेकलाय, म्हणजे नियमाने तो बाद आहे, तिथे. आणि गप्प बसायचे. इरा त्यांना हलवायची, जर्मनमध्ये काहीबाही बोलायची, पण ते भिंतीकडे बघत राहायचे. "अपील कर," एवढंच सांगायचे. शेवटी ती कंटाळून "हाउज दॅट" म्हणायची आणि त्यांचं बोट सावकाश वर जायचं. आऊट. इरा उशी फेकून मारायची. पुन्हा चित्र मागे घेतलं जायचं. हा कार्यक्रम तीन उन्हाळे चालला.

सिनेमाने आणखी एक काम केलं. इरा आमच्या भागातल्या बेसबॉल फेराइनमध्ये, म्हणजे मंडळात, जायला लागली. जर्मनीत तीन माणसांना एकच छंद असला की त्याचा फेराइन होतो, त्याला अध्यक्ष असतो आणि अध्यक्षाला भाषण असतं. आमचे अध्यक्ष हेर, म्हणजे श्रीयुत, ब्रांडल. ते निःस्वार्थ सेवेवर इतकं बोलत की सेवा करायला बाकीच्यांनाच वेळ काढावा लागे. त्या वर्षीच्या उन्हाळी जत्रेसाठी त्यांनी एक टूम काढली. सकाळी मुलांचा सामना, लाल संघ विरुद्ध निळा संघ. जो जिंकेल त्याच्या कप्तानाला दुपारी मोठ्यांच्या पहिल्या संघातून एक डाव खेळायला मिळेल. हा पहिला संघ म्हणजे एक दंतवैद्य, दोन सुतार आणि गुडघे दुखणारे काही इंजिनियर. पण इरासाठी तो थेट सिनेमातला संघ होता. ती निळ्यांची कप्तान होती. दोन आठवडे ती जेवताना ग्लोव्ह काढत नव्हती.

जत्रेच्या सकाळी ठरलेल्या पंचाची कंबर धरली. ब्रांडल चिंतेत पडले. कुणीतरी त्यांना सांगितलं की इराचे आजोबा पंच आहेत. शिंत्र्यांनी सरळ नकार दिला. नात खेळतेय, मी उभा राहणार नाही. मी ते भाषांतर करून सांगितलं. ब्रांडलनी त्यावर सचोटी, सेवा आणि राष्ट्राराष्ट्रांतली मैत्री यांवर सात मिनिटं घेतली. मी त्याचं भाषांतर "दुसरं कुणी नाही" असं केलं. शिंत्र्यांनी सुस्कारा सोडला आणि पिशवीतून पांढरा कोट आणि हॅट काढली. दोन्ही त्यांनी बरोबर का आणली होती, हे मी विचारलं नाही.

मुलांच्या त्या सामन्यात प्रशिक्षकच चेंडू टाकायचे, त्यामुळे पंचाला फक्त धावणारे बघायचे होते. शिंत्र्यांनी ते चोख केलं. प्रत्येक वेळी समोरचा संघ ओरडत होता, हे विचारतात आणि मी निर्णय देतो, अशी त्यांची समजूत झाली. पोरं नुसती आनंदाने ओरडत होती.

शेवटचा डाव. धावा बरोबरीत, निळ्यांचे दोन बाद आणि इरा तिसऱ्या, म्हणजे प्लेटच्या आधीच्या शेवटच्या बेसवर. बरोबरी झाली तर लाल संघ विजयी, कारण गेल्या वर्षी तोच जिंकला होता. हा नियम ब्रांडलचा. म्हणजे इरा पोहोचली तर जिंकली, नाही तर हरली. चेंडू मारला गेला, इरा सुटली, धुळीतून घसरली, आणि लाल संघाच्या कॅचरने, म्हणजे त्यांच्या यष्टिरक्षकाने, एका लठ्ठशा शांत मुलाने, चेंडू तिच्या खांद्याला टेकवला. पाय प्लेटच्या वीतभर अलीकडे होता. तो मुलगा ओरडला नाही. त्याने तोंडावरची धूळ पुसली आणि पंचाकडे पाहिलं.

सगळ्यांनी पंचाकडे पाहिलं. पंच क्षितिजाकडे बघत होता.

लाल संघाचा प्रशिक्षक हात पसरून उभा राहिला, पण विचारायचं असतं हे त्याला कुठून ठाऊक असणार. शिंत्र्यांनी खिशातला खडा बदलला. पंच काहीच म्हणत नाही म्हणजे नाबाद, असा अर्थ लावून निळ्यांचे आईबाप टाळ्या वाजवू लागले. मुग्धाही वाजवत होती. ब्रांडल माइककडे निघाले. मला सगळा घोटाळा कळला होता. मीही गप्प बसलो, आणि हे लिहिताना फार अभिमान वाटत नाही.

इरा उठली. गुडघा फुटला होता. तिने ब्रांडलकडे पाहिलं, माइककडे पाहिलं, मग आजोबांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"आजोबा, मी आऊट आहे का?"

मराठीत. मुग्धाच्या टाळ्या थांबल्या. शिंत्र्यांचं बोट वर गेलं, नेहमीसारखं सावकाश, आणि जरुरीपेक्षा थोडा वेळ वरच राहिलं.

दुपारी लठ्ठ मुलाच्या संघाचा कप्तान दंतवैद्यांबरोबर खेळला. घरी येताना गाडीत मागच्या सीटवर इरा रडत होती आणि शेजारी सासरे कोटाची घडी घालत होते. मुग्धा वडिलांवर तापली. गप्प राहिला असता तर काय बिघडलं असतं, असं तिने विचारलं.

"मी गप्पच होतो," ते म्हणाले. "तिने विचारलं."

रात्रीचं जेवण इराने खोलीत घेतलं. त्यानंतर ती बाहेर आली, सिनेमा लावला, थेट शेवटी नेला आणि थांबवला. पोराचा पाय वीतभर अलीकडे. तिने काही न बोलता पडद्याकडे बोट दाखवलं. शिंत्र्यांनी तीच दाद मानली. "आऊट," ते म्हणाले. "त्याने विचारलं नाही, म्हणून हिरो झाला." इराने उशी फेकून मारली, पण नेहमीपेक्षा हळू.

पुढच्या उन्हाळ्यात ते आले नाहीत. छातीत दुखत होतं. कुणी विचारलं नाही म्हणून त्यांनी सांगितलं नाही. डॉक्टरने विचारलं तोवर उशीर झाला होता. मुग्धा सांगलीहून परतली, तेव्हा तिच्या पर्समध्ये सहा खडे होते. विमानतळावर तिलाही अडवलं. तिने षटक म्हणजे काय इथपासून सुरुवात केली.

इरा आता पंधराची आहे आणि लहान मुलांच्या सामन्यांत पंच म्हणून उभी राहते. मागच्या महिन्यात ब्रांडलचा मला फोन आला. मुलीला नियम येतात, गेनाऊ, म्हणजे अगदी तंतोतंत येतात, पण ती निर्णय द्यायला फार वेळ लावते; पालक तक्रार करतात. बेसबॉलमध्ये कुणी न विचारताच पंचाने निर्णय द्यायचा असतो, हे तिला समजवा. मी समजवायला गेलो. ती बूट पुसत होती.

"काल तो मुलगा सरळसरळ बाद होता, मग तू एवढा वेळ का थांबलीस?" मी विचारलं.

"बाबा, कुणी विचारलंच नाही," ती म्हणाली, आणि एक खडा या खिशातून त्या खिशात टाकला.