नणंदेची हिरवी बुरशी

बुरशीला जीव लावणारी बाई अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात एकच, आणि ती नेमकी माझ्या वाट्याला नणंद म्हणून आली. शिरड शहापूरच्या आमच्या रानात तुरीला मर लागली, उभी झाडं वाळू लागली, की घरातले कपाळाला हात लावतात. ही मात्र मेलेलं झाड मुळासकट उपटून, माहेरची भेट म्हणून आपल्या प्रयोगशाळेत नेते. तिला बघायला पाहुणे आले तेव्हा आवड विचारली, तर बुरशी झाडाच्या पाणी चढायच्या नळ्या कशी बुजवते ते हिनं इतकं रंगवून सांगितलं की पोहे बशीतच निवले. मुलगा तेवढा हसला, म्हणून आज ते आमचे जावई आहेत.

मर आणणाऱ्या त्या बुरशीत तिला चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक घालायचं होतं, म्हणजे ती निळ्या उजेडात हिरवी दिसेल आणि मुळांमध्ये कुठून शिरते ते कळेल. बुरशी कितीतरी दिवस दाद देईना. अखेर चमकली, तर नवीच धास्ती: आता ती तूर मारते का? मारली नाही तर मेहनत पाण्यात, कारण रोगच न करणाऱ्या बुरशीकडून रोग काय समजणार? बंद खोलीत कुंड्या ठेवून बाईसाहेब जेवेनाशा झाल्या. जन्मभर तूर जगवलेल्या माझ्या सासूबाई बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावून म्हणू लागल्या, लेकीची तूर मरू दे.

एक दिवस नणंदेचा फोन आला. सासूबाईंनी अंगणातूनच मला ओरडून सांगितलं, तूर मेली. ते ऐकून शेजारच्या काकू तोंड लहान करून सांत्वनाला आल्या, तर सासूबाईंनी त्यांच्या हातावर साखर ठेवली. म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला, हे काकूंचं मत आजही कायम आहे.

मग नणंदेनं आम्हा सगळ्यांना प्रयोगशाळेत नेलं आणि सासऱ्यांना सूक्ष्मदर्शकापुढं बसवलं. मुळाच्या आत हिरवा धागा लखलखत होता. माझा ऊर नुसता भरून आला. ही आमच्या घरची पोरगी! सासरे मात्र डोळा काढेनात. मग हळूच लेकीला म्हणाले, “तुझी माय बियाणं नीट निवडत न्हाई म्हणून मर लागती, असं बोलत आलो मी तिला. ही बुरशी तर मातीतून चढून राहिली.”

सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“सरका जरा,” त्या म्हणाल्या, “मला बघू द्या.”