तव्यावरची जाळी

आजवर कुणाला सांगितलं नाही, पण देवासच्या आमच्या कारखान्यातल्या कँटीनच्या एसीची आखणी माझी चुकली होती. हवा सगळीकडे सारखी पोचावी म्हणून मी छतात जाळ्या काढल्या, आणि त्यातली एक नेमकी पोळ्या करणाऱ्या बाईंच्या तव्यावर आली.

गार वारा अडवायला त्या एका हाताने तव्यावर ताट आडवं धरायच्या, दुसऱ्याने पोळी उलटायच्या. एखादी फुगलीच तर माझ्या ताटात टाकत, इकडच्या बोलीत भैयाचं 'भिया' करत म्हणायच्या, "भिया, ज्याने ही हवा बसवली ना, त्याच्या घरी कधी पोळी फुगू नये!"

मी ती पोळी संपवून ताट उचलायचो.

एका रविवारी शिडी लावून मी जाळीच्या पात्या टेबलांकडे वळवल्या. सोमवारी पोळ्या टम्म फुगल्या.

"जाऊ दे भिया, आता त्याच्याही घरी फुगू दे," त्या हसून म्हणाल्या.

तो मीच, एवढं त्यांना सांगण्याचं देणं माझ्याकडे अजून बाकी आहे.