स्वीडनकर आज खेळणार

स्वीडनकर आज खेळणार की नाही, हे आम्हाला त्याच्या उलटीवरून कळायचं. क्लबच्या अ‍ॅपवर अकरा जणांची नावं मॅचच्या तासभर आधी यायची. आमच्या घरात ती बातमी नाश्त्याच्या वेळीच, वरच्या बाथरूममधून जाहीर व्हायची. मी खाली पोहे खात असायचो. वरून आधी पोटाच्या तळापासून निघालेला एक लांब आवाज यायचा, मग नळाचा, मग काहीच नाही. आमची मंगल हातातला झारा तसाच धरून, कुणाला पहिला मुलगा झाल्यासारख्या चेहऱ्यानं म्हणायची, "खेळतोय." मी पोहे बाजूला सारायचो.

मला मुळातच किळस फार लवकर येते. स्वतःच्या मुलीचे डायपर मी नाकाला रुमाल बांधून बदलले आहेत, आणि त्याचे फोटो मंगलनं अजून जपून ठेवले आहेत. अशा माणसाच्या घरात देवानं एक व्यावसायिक फुटबॉलपटू का पाठवावा, हे मला शेवटपर्यंत समजलं नाही.

खरं तर देवानं नाही, मंगलनं आणला. ईरा, आमची मुलगी, नोकरीसाठी शिकागोला गेली आणि टेक्सासमधल्या फ्रिस्कोतल्या घराचा वरचा मजला एकदम रिकामा झाला. इथल्या फुटबॉल क्लबचा एक दुसरा, तरुण पोरांचा संघ आहे. बाहेरदेशाहून आलेल्या पोरांना ते कुटुंबांत ठेवतात, असं मंगलला कुणाकडून तरी कळलं आणि मला विचारायच्या आधी तिनं खोलीचे पडदेही बदलले. फुटबॉलशी माझा संबंध एवढाच, की ईरा लहान असताना मी तिला प्रॅक्टिसला सोडायचो आणि गाडीत बसून ईमेल बघायचो.

आला तो उत्तर स्वीडनमधल्या, जंगलात वसलेल्या कुठल्याशा गावातून. विशीतला, भुवयासुद्धा पांढुरक्या, डाव्या बाजूला बचाव करणारा खेळाडू. पाचव्या वर्षापासून गावच्या क्लबात, शाळा संपायच्या आत त्यांच्या मोठ्या संघात, आणि तिथून थेट टेक्सासच्या उन्हात. त्याच्या नावातल्या दोन अक्षरांवर टिंबं होती आणि ती आमच्या तोंडात बसेनात. मंगलनं पहिल्या आठवड्यातच त्याचा स्वीडनकर करून टाकला. म्हणजे स्वीडनचा, आमच्याकडे आडनावं अशीच होतात, असं मी समजावलं तेव्हा त्यानं गंभीरपणे मान हलवली आणि फ्रिजमधल्या आपल्या कप्प्यावर तेच नाव इंग्रजीत लिहून चिकटवलं. आम्हाला तो काका-काकू म्हणायचा. तेही मंगलनंच शिकवलं.

पहिल्या रात्री तो आमच्याकडे उपाशी राहिला. मंगलनं बटाट्याचा रस्सा वाढून विचारलं, "आणखी देऊ?" त्यानं एक शब्द न बोलता तोंडानं झटकन आत श्वास ओढला, तिखट लागल्यावर आपण ओढतो तसा. मंगल घाबरली. तिनं ताट उचललं, साखर दिली, दही दिलं आणि रस्सा फ्रिजमध्ये टाकला. आठवडाभर हेच. काहीही विचारलं की हा श्वास ओढायचा आणि ही ताट उचलायची. शेवटी मी विचारलं, तुला दमा आहे का? तेव्हा कळलं की त्याच्या गावाकडे 'हो' असंच म्हणतात, आवाज बाहेर न काढता, आत घेऊन. म्हणजे आठवडाभर पोरगं जीव तोडून हो म्हणत होतं आणि आम्ही त्याच्या पुढ्यातलं काढून घेत होतो.

बाकी त्याच्याविषयी मला काय काय सहन होत नव्हतं, ते सांगायला बसलो तर जेवणाची वेळ टळेल. मी मालवणकडचा, गाबोळी म्हणजे माशांची अंडी खाऊन वाढलेला माणूस. पण गाबोळी ट्यूबमध्ये भरून, टूथपेस्टसारखी गरम पोळीवर पिळायची आणि पोळीची गुंडाळी करून दुधाबरोबर खायची, हे पाहून मी काही दिवस मासेच सोडले. त्याच्या मोज्यांना एवढा वास यायचा की ते गॅरेजमध्ये वाळत घातल्यावर मी गाडी बाहेर लावायला लागलो. एकदा तर टीव्हीच्या रिमोटशेजारी मला काळीनिळी टिकली दिसली. उचलून बघतो तो त्याच्या अंगठ्याचं नख. "पडणारच होतं, काका," तो म्हणाला, "टाकायला डबा शोधत होतो." ईराला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, दॅट्स सो ग्रोस. प्लीज, मी लंच करतेय." मुलगी माझीच आहे, याचं तेवढंच समाधान.

उलटीबद्दल मी त्याला एकदाच विचारलं, गाडीत, हायवेवर. समोरासमोर बसून असे विषय मला काढता येत नाहीत. तुला भीती वाटते का, म्हटलं. तो म्हणाला, "भीती नाही, काका. पोटाला कळतं की आज कामाचा दिवस आहे. बेंचवर असलो की पोट शांत असतं. ते शांत पोट मला आवडत नाही."

कोच आदल्या संध्याकाळी नावं सांगायचा. पण हा ती कुणालाही सांगत नसे, स्वीडनमधल्या आईलाही नाही. पोट मात्र गुपित ठेवत नसे. आणि एक मान्य करायला हवं. उलटीनंतर तो बाथरूम असं घासायचा, की मॅचच्या दिवशी आमचं वरचं बाथरूम हॉटेलसारखं चकचकीत असायचं. त्या काळात मी एकदाही तिथला ब्रश हातात घेतला नाही.

मे महिन्यात आमच्याकडे सत्यनारायण होता. शनिवार सकाळ, दिवाणखान्यात इथल्या मराठी मंडळाचे लोक, प्रत्येकाच्या हातात प्रसादाचा शिरा. मी नुकतीच गुरुजींना दक्षिणा दिली होती आणि वरून आवाज आला. अख्खं घर स्तब्ध झालं. मंगल मात्र हात जोडून उभी, डोळे मिटलेले. "खेळतोय," ती सगळ्यांना म्हणाली, "आता होईलच बघा एखादा गोल." कुणालाच काही कळलं नाही. पुण्याचे एक जोशीकाका आहेत, आमच्याहून वडील, त्यांनी चमचा अर्ध्यात थांबवला आणि विचारलं, "वहिनी, शिरा त्यानं आधी खाल्लाय का?" प्रसाद टाकता येत नाही, त्यामुळे पाहुण्यांचे जे चेहरे झाले ते मला फार जवळचे वाटले. आयुष्यात प्रथमच एवढे लोक माझ्या बाजूनं होते.

त्यानंतर तो सगळ्यांचाच झाला. पोरंटोरं त्याच्याबरोबर सेल्फी काढायची, बायका त्याला चकल्या द्यायच्या, आणि पुरुष मंडळी त्याला सल्ले द्यायची. फुटबॉल ठीक आहे यार, पण बॅकअप म्हणून काहीतरी क्लाउडचं शिकून ठेव, असं त्याला किमान चार घरांत सांगितलं गेलं. त्यातलं एक घर माझंच. तो प्रत्येकाला श्वास आत ओढून होकार द्यायचा. मॅचला आम्ही छत्री घेऊन उन्हात बसायचो. ऑफसाइड म्हणजे काय हे मला कधीच कळलं नाही, पण मी सगळ्यांत मोठ्यानं ओरडायचो.

मग उन्हाळ्यात त्याची मांडी धरली. फार नाही, थोड्या आठवड्यांचं दुखणं. पण तेवढ्यात संघाला नवा कोच आला आणि डाव्या बाजूला नवा पोरगा आला. स्वीडनकर बरा झाला तेव्हा जागा गेलेली होती. करार एका वर्षाचा होता. पुढचं वर्ष द्यायचं की नाही, हे सीझन संपल्यावर क्लब ठरवणार, आणि नाही म्हणाला तर कराराबरोबर व्हिसाही संपणार. हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. दुसऱ्याच्या सहीवर मुक्काम ठरण्यात मी माझी ऐन तारुण्यातली वर्षं काढली आहेत.

मॅचच्या सकाळी घरात आता नुसतीच शांतता असायची. तो खाली येऊन व्यवस्थित नाश्ता करायचा, आणि त्याला पोटभर खाताना बघून मंगलच्या घशाखाली घास उतरायचा नाही. वरचं बाथरूम कडेकडेनं पिवळं पडायला लागलं. मी एकदा घासायला गेलो, तर तिनं ब्रश काढून घेतला. राहू दे, म्हणाली, तो घासेल.

गणपतीत तिनं नवस केला. मी शेजारीच उभा होतो म्हणून ऐकलं, नाहीतर माझा विश्वास बसला नसता. "देवा, पोराला एकदा उलटी होऊ दे. मोदक करीन." विघ्नहर्त्याकडे आजवर अनेक मागण्या गेल्या असतील, ही नक्कीच पहिली असेल. मला आरतीच्या ताटासमोर उभं राहून मळमळलं.

घरच्या मैदानावरच्या शेवटच्या मॅचची सकाळ. ही जिन्यात, बाथरूमच्या दाराशी, कपड्यांच्या घड्या घालायचं सोंग करून उभी. आणि आवाज आला. नेहमीपेक्षा जरा मोठाच. मंगल धावत खाली आली, नारळ फोडला, मोदकांची उकड काढली. सगळ्यांना फोन गेले. दुपारी आम्ही मंडळाची पाच-सहा माणसं, छत्र्या, मोदकांचा डबा असे जाऊन बसलो. संघ मैदानात आला. डाव्या बाजूला नवा पोरगा. आमचा पांढऱ्या भुवयांचा बेंचवर, कोपऱ्यात, पाय हलवत. शेवटपर्यंत तिथेच. डबा मंगलच्या मांडीवर तसाच राहिला.

परतताना गाडीत तो पुढे, ही मागे. मग तो समोर रस्त्याकडे बघत म्हणाला, "काकू दाराबाहेर होत्या. दाराखालून त्यांची सावली दिसत होती." मग म्हणाला, "घशात बोटं घालून काढली."

एका सिग्नलला मंगलनं डबा पुढे सरकवला, त्यानं एक मोदक घेतला, एक माझ्या हातात ठेवला. त्या बोटांनी दिलेला. मी खाल्ला. माझ्या स्वभावाचा माणूस यापेक्षा जास्त काही करू शकत नाही.

क्लबचा व्हिडिओ कॉल पुढच्याच आठवड्यात आला. आमच्या डायनिंग टेबलावर, लॅपटॉपवर, हसऱ्या चेहऱ्याचा एक माणूस त्याच्याशी बोलला. माझा चहा संपायच्या आत बोलणं संपलं. संध्याकाळी क्लबनं त्याचे आभार मानणारा फोटो टाकला, त्यात तो पाठमोरा होता. आणि रात्री आम्हाला ईमेल. जानेवारीत नवा खेळाडू येतोय, तेव्हा खोली तयार ठेवाल ना, आणि गेल्या खेळाडूबरोबरच्या अनुभवाला पाचपैकी किती तारे द्याल? नख, मोजे, ट्यूबमधली गाबोळी, सगळं मी गिळलं होतं. खरी शिसारी मला त्या ताऱ्यांची आली. मी लॅपटॉप मिटला आणि साबणानं हात धुतले. मंडळातून फोन यायला लागले, की आता कुठल्या देशाचा येणार? मंगलनं सांगितलं की आता खोलीत शिवणाचं मशीन ठेवणार आहोत. तिला शिवण येत नाही.

जायच्या आदल्या दिवशी त्यानं वरचं बाथरूम घासलं, कोपऱ्यांतून, ब्रश मोडेपर्यंत. विमानतळावर ही त्याला म्हणाली, नीट जेव. त्यानं श्वास आत ओढला आणि गेला.

आता तो गावी परतलाय. दिवसा लाकडाच्या कारखान्यात काम करतो आणि जिथे पाचव्या वर्षी सुरुवात केली, त्या क्लबच्या संघात जागा मागतोय. तिथला सीझन एप्रिलमध्ये, बर्फ वितळला की सुरू होतो. मंगल शनिवारी सकाळी त्याला व्हिडिओ कॉल लावते. आमची सकाळ ती त्यांची दुपार.

एप्रिलमधल्या एका शनिवारी मी शिरा खात होतो. फोन टेबलावर, साखरदाणीला टेकवलेला. स्क्रीनवर स्वीडनकर बोलता बोलता थांबला, चेहरा भुवयांसारखा पांढरा झाला, आणि तो उठून गेला. रिकाम्या खुर्चीमागून, सात समुद्रांपलीकडून, तो आवाज आमच्या स्वयंपाकघरात आला. मग नळाचा. मंगल जागची हलली नाही. तो तोंड पुसत परत येऊन बसला, तेव्हा तिनं अगदी हळू विचारलं, "खरी?"

त्यानं झटकन श्वास आत ओढला.

मी शिऱ्याकडे बघितलं आणि आणखी वाढ म्हणून बशी पुढे केली.