शेकोटीमागची परात

रत्नव्वा,

बरी आहेस ना, वगैरे विचारत नाही, बरीच असशील. तुझं कधी काही बिघडलं नाही, याचाच मला इतकी वर्षं त्रास झाला.

मी थोरली जाऊ, केमिस्ट्रीची पदवीधर. तू उचगावची, नववीत शाळा सोडलेली, आणि या घरात आल्यापासून सगळ्यात पुढं. अठ्ठ्याण्णव साली शाहूवाडीकडं भातशेतीत आपण घर बांधलं, तेव्हा तुझ्या लेकानं, सोमेशनं, भिंतीत शेकोटी काढायला लावली. मागची भिंत तडकू नये म्हणून धातूचं काहीतरी हवं होतं. जस्ताचा पत्रा दोघींनीही नाकारला. तापला की वाईट धूर सोडतो. मी म्हटलं, बीड, ओतीव लोखंड. बीड आच धरून ठेवतं, विस्तव विझला तरी ऊब राहते.

"काळं ध्यान भिंतीला कशाला, आक्का? मी करते की," म्हणालीस, आणि रुखवतातली मोठी पितळी परात अंगणात उपडी घालून हातोड्यानं सपाट केलीस. खिळ्यानं ठोकून कडेनं मोर काढलेस. छान काढलेस, म्हणूनच राग आला.

पण परातीवर टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव तसंच ठेवलंस, तेही दर्शनी बाजूला: 'ईरप्पा यांजकडून चि. रत्नव्वास.' शेकोटी पेटली की सासरच्या घरात तुझ्या बापाचं नाव उजळायचं. माझ्या नवऱ्याचा जन्म फाउंड्रीत बीड ओतण्यात गेला, तोही म्हणाला, "झकास दिसतंय." त्या घरात माझं म्हणावं असं काहीच नव्हतं.

दुसऱ्या हिवाळ्यात पितळ तापून मधोमध फुगलं, पोट सुटल्यासारखं. तूच माझ्याकडं आलीस.

"आक्का, तुमचं बीड मागं बसवू. माझं पितळ पुढं. तुमचं बी नाव ओतून घ्या की त्याच्यावर."

"मागचं नाव वाचणार कोण?"

"भिंत वाचंल की."

मलाही हसू आलं, ते मला आवडलं नाही. गुरुवारी दोघींनी कागलच्या फाउंड्रीत माप द्यायला जायचं ठरलं. त्याआधीच सोमेशला पुण्यात नोकरी लागली. तू त्याचं घर लावायला गेलीस आणि तिथलीच झालीस.

एकटीनं बीड आणून पुढं बसवलं असतं तर सगळे म्हणाले असते, थोरलीनं धाकटीचं उखडलं. आणि मागं बसवायला एकटी जाण्याइतकी मी गरीब नाही. यांच्या ओळखीचा तो फाउंड्रीवाला भेटला की विचारायचा, "वहिनी, अक्षरं कुठली टाकू?" मी सांगायची, रत्नव्वा आली की बघू.