नवव्या हिरवळीचा झेंडा

आमच्या गोल्फ मैदानावरच्या गवताच्या मुकादमाला सगळे जमदग्नी म्हणतात. तोंडावरसुद्धा. त्याची बायको एवढंच सांगते, "राग मैदानावर संपवून या. घरात माझा आहे तेवढा पुरतो."

मी इथला हिशेबनीस, पुढच्या वर्षी निवृत्त होईन. त्याचा राग मला रास्त वाटतो.

भोक आणि झेंडा असतो त्या बारीक गवताच्या तुकड्याला आम्ही हिरवळ म्हणतो. नवव्या हिरवळीखालचा निचऱ्याचा पाइप तुंबला होता. वरचं गवत कुजून मधोमध तपकिरी चट्टा पडला होता. पाय ठेवला की पचपच पाणी वर यायचं. जमदग्नी पाइप बदला म्हणून घसा कोरडा करायचा. क्लबच्या सेक्रेटरींचं उत्तर ठरलेलं, "तपासणीत नववीला उत्तम शेरा आहे. खणायचं कशाला?"

शेरा उत्तम का यायचा? भोक रोज सकाळी नव्या जागी पाडतात. तपासणीच्या दिवशी सेक्रेटरी ते धडधाकट उरलेल्या एकुलत्या एका कोपऱ्यात पाडायला लावायचे. तपासनीस झेंड्यापाशी जायचे, उतरत्या पट्टीवरून चेंडू सोडायचे, तो किती लांब गेला ते मोजायचे आणि चहाकडे वळायचे. चट्ट्याभोवती दोरी आणि पाटी: 'काम चालू आहे'. काम कसलं, डोंबलाचं. कुजलेलं दोरीआड ठेवायचं आणि चांगल्या कोपऱ्याचे गुण मिरवायचे, याचा मला अजून संताप येतो.

या वेळी जमदग्नीने दोरी काढली आणि भोक चट्ट्याच्या मधोमध पाडलं.

ते पाहून सेक्रेटरींचा चेहरा उतरला. तपासनीस मात्र शांतपणे म्हणाले, "इथे काय मोजायचं? चेंडू घरंगळायला जागा बरी हवी." आणि निघाले कोपऱ्याकडे.

जमदग्नी त्यांच्या आधी तिथे पोचला आणि चक्क मांडी घालून बसला.

"उठा हो मुकादम," तपासनीस म्हणाले.

"नाही उठत. आजारी एक, आणि डॉक्टर नाडी बघणार त्याच्या भावाची?"

"मला अजून दोन मैदानं उरकायची आहेत."

"उरका की. बाकीची हिरवळ मोकळीच आहे."

सेक्रेटरी दातओठ खात म्हणाले, "घरी बसवीन तुला."

"बसवा. तोवर इथे बसतो."

शेवटी तपासनीसांनी चट्ट्यावर चेंडू सोडला. तो हातभर गेला आणि चिखलात रुतला. शेरा: निकृष्ट. तो वाचून सभासदांनी सेक्रेटरींना असं धारेवर धरलं, की पाइपाला मंजुरी द्यावीच लागली. त्याच हाताने त्यांनी जमदग्नीला मुकादमपदावरून उतरवल्याचं पत्रही लिहिलं. पोचवायला मी.

गेलो तेव्हा तो चरात गुडघाभर उभा होता. जुना पाइप काठावर पडलेला, काळं पाणी भळाभळा वाहून चाललेलं. मी पत्र पुढे केलं. त्याने चिखलाने माखलेले हात दाखवले.

"तुम्हीच वाचा, साहेब. पण जरा मोठ्याने. पाण्याचा आवाज फार आहे."